मोठ्या कोर्टाने न विचारलेली गोष्ट

गेल्या गणपतीत लेस्टरच्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये जेवणे झाल्यावर मी चहा घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर आमच्यातले एक निवृत्त फार्मासिस्ट, पुण्याहून नव्याने आलेल्या आयटीतल्या मुलामुलींना युरोप समजावून सांगत होते.

"हे आपले काका बघा," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "यांच्या सख्ख्या बहिणीची केस. म्हातारी कुठे? सावंतवाडीला. भाऊ कुठे? लेस्टरला. आणि कायद्याचा अर्थ लावणार कोण, तर लक्झेंबर्गचे लोक! वर्षं घालवली त्यांनी. शेवटी ती माउली तिकडेच गेली. मग मी युरोपातून बाहेर पडायला मत दिलं, यात माझं काय चुकलं?"

"काका, खरंच असं झालं?" एका मुलीने विचारले.

मी मान हलवली. होय म्हणण्यासाठी हलवतात तशी.

ही मान मी आजवर पुष्कळदा हलवली आहे. मंडळात हलवली, देवळात हलवली, बायकोच्या भाचरांच्या फोनवर तेच शब्दांत सांगितले. अक्का आता नाही. जाऊन वर्ष झाले. ज्या कोर्टावर मी सगळे ढकलले, त्या कोर्टाने आमचे काही वाकडे केलेले नव्हते. हे एकदा लिहून ठेवायचे आहे. बोलून दाखवायची हिंमत अजून होत नाही.

आई-वडील लवकर गेले. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने ब्लाउज शिवून मला वाढवले आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की मशीनचा आवाज वाढवला. मी तालुक्याच्या कोर्टात कारकून झालो. माझी बायको गोव्याची, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेली. त्या जन्मामुळे पुढे तिला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि पन्नाशीनंतर आम्ही दोघे लेस्टरला आलो. गोव्याकडची, दमण-दीवची कितीतरी माणसे इथे तशीच आली आहेत. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागलो. निघताना अक्काला म्हणालो होतो, "थोडी वर्षं काढतो आणि येतो."

मग बायकोची किडनी गेली. दिवसाआड डायलिसिस सुरू झाले. तिला सोडून मला आठवडाभरही कुठे जाता येईना आणि तिला घेऊन परत जाण्याचा विचार डॉक्टरांनी हसण्यावारी नेला. तिकडे त्याच काळात अक्काचे डोळे गेले. काचबिंदू. तिला वाटले चष्म्याचा नंबर वाढला असेल. आम्हाला कळले तेव्हा फक्त खिडकीपुरता उजेड उरला होता. गावातली एक बाई दोन्ही वेळचे करून जायची. तिला मी ठेवले होते. औषधे, वीज, किराणा, सगळे माझ्याकडून जात होते. पण रात्री अक्का घरात एकटी असायची. दोनदा पडली.

तिला इकडे आणायचे ठरले. ब्रिटनचा स्वतःचा कायदा त्या बाबतीत फार आवळलेला होता. पण बायको पोर्तुगालची नागरिक असल्यामुळे आम्हाला युरोपचा कायदा लागू होता, आणि त्यात एक फट होती. आई-वडील किंवा मुले यांच्याखेरीजचे, पण कुटुंबावर अवलंबून असलेले नातेवाईक आणायचे असतील, तर देशाने नुसते नाही म्हणून चालत नाही. त्या माणसाची परिस्थिती नीट तपासावी लागते. सगळे त्या एका शब्दावर होते. अवलंबून.

आमच्या वकीलबाई बेलग्रेव्ह रोडवर साडीच्या दुकानाच्या वर बसत. गुजराती, हुशार, बोलायला फटकळ. अर्जासोबत अक्काचे निवेदन हवे होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाल्या, "काका, तुम्हीच दुभाषे व्हा. मी विचारते, तुम्ही सांगा. तिचं बोलणं जसंच्या तसं, हं."

पहिला प्रश्न होता, तुमची काळजी कोण घेतं? मी विचारला. अक्का माझ्याशी मालवणीतच बोलायची. ती म्हणाली, "तिका सांग, माझा सगळा तुझ्यावर आसा. तू आसस म्हणान चूल पेटता. तू नाय तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू?"

खोलीत तिघे होतो. वकीलबाई, मी आणि बायको. वकीलबाईंना मराठी-मालवणी कळत नव्हती. मी अक्काचे वाक्य तोंडात घेतले आणि ते बाहेर येईना. ज्या बाईने मला वाढवले ती माझ्यामुळे कोणाच्या दारात बसण्याची भाषा करते आहे, हे मला एका परक्या बाईला इंग्रजीत सांगायचे होते. आणि लगेच तिच्या मनात येणार होते, मग तुम्ही तिला टाकून आलात कशाला?

मी म्हणालो, "ती म्हणते, मी माझ्या घरात मानाने राहते. भाऊ प्रेमाने मदत करतो."

वकीलबाईंनी टाईप केले. पुढच्या प्रश्नांनाही मी तसेच केले. काही खोटे जोडले नाही, असे तेव्हा स्वतःला समजावले. फक्त धार बोथट केली. शेवटी त्यांनी सरळच विचारले, "म्हणजे त्या पूर्ण अवलंबून आहेत, असं म्हणू ना?" मी म्हणालो, "तसं ती म्हणणार नाही. ती फार मानी आहे."

बायको माझ्याआधी जिना उतरली. गोव्याची असल्यामुळे तिला शब्दन्‌शब्द कळला होता. घरी आल्यावर भांडी विसळताना म्हणाली, "अहो, तुम्ही तसं का सांगितलंत?"

"तिची लाज राखली."

"तिची?" एवढेच विचारून तिने नळ बंद केला.

सरकारचा नकार आला तो त्याच वाक्यांवर. अर्जदार स्वतःच्या म्हणण्यानुसार स्वतःच्या घरात स्वतंत्र राहते, भावाची मदत ही प्रेमाची भेट आहे, त्याला अवलंबित्व म्हणता येत नाही. मी ते वाचले आणि माझीच वाक्ये मला परत मिळाली.

वकीलबाईंनी बोलावून घेतले. "काका, दोन रस्ते. एक, बाहेरचा दुभाषा लावून नवीन निवेदन घेऊ. सगळं तपशिलात. दुसरा, आपल्या मिडलँड्स भागातल्याच एका कुटुंबाच्या केसमध्ये इथल्या न्यायाधीशांनी हाच प्रश्न लक्झेंबर्गला, युरोपच्या कोर्टाकडे पाठवलाय. प्रेमाने केलेली मदत म्हणजे अवलंबित्व का, आणि माणूस अवलंबून का झाला हे सरकारने विचारायचं का. अपील करून आपली केस त्यामागे उभी करता येते. उत्तर आलं की आपल्यालाही लागू. पण वेळ जाईल."

"किती?"

"युरोप आहे, काका. सगळ्यांच्या भाषेत करतात."

बाहेरचा दुभाषा आला तर अक्का पुन्हा तेच बोलणार होती आणि पहिल्या वेळी मी काय केले ते उघडे पडणार होते. मी म्हणालो, "थांबू या." मंडळात मात्र सांगितले की वकिलांनीच थांबायला सांगितले.

आता वाटते, थांबण्यात मला एक सुखही मिळाले. उभी हयात तालुक्याच्या कोर्टात तारखा लिहिण्यात गेली होती. वरच्या कोर्टावर माझा विश्वास होता. खाली जे बिघडते ते वर सुधारते, असे मी पक्षकारांना कितीदा सांगितले असेल. शिवाय हे कोर्ट देशांच्याही वरचे होते. लायब्ररीत बसून मी त्याच्याबद्दल वाचू लागलो. अनेक देशांनी मिळून एक कायदा केला. पण प्रत्येक देशातला न्यायाधीश त्याचा आपल्या मनाने अर्थ लावू लागला, तर एका कायद्याचे जितके देश तितके कायदे होतील. म्हणून अर्थाची शंका आली की इथला न्यायाधीश हातातली केस बाजूला ठेवतो, शंकेचा प्रश्न लिहितो आणि तिकडे पाठवतो. कायदा प्रत्येक देशाच्या भाषेत आहे आणि कुठलीही एक भाषा मूळ नाही. सगळ्या सारख्याच खऱ्या. एकीत शब्द सैल असेल तर दुसरीत बघतात, तिसरीत बघतात, आणि मग हा कायदा मुळात कशासाठी केला ते विचारतात. मला हे फार आवडले. संध्याकाळी बायकोला सांगत बसायचो. ती सुईने दुखावलेला हात धरून ऐकायची.

अक्का दर रविवारी विचारायची, "काय झाला रे?"

"मोठ्या कोर्टात गेलंय, अक्का."

"मुंबैक?"

"मुंबईच्याही वर."

"मगे बरा," ती म्हणायची.

याच रविवारांत मी दुसरी गोष्ट केली. कोर्टात मी साक्षीदार फुटताना पाहिले होते. आधी एक बोलला, नंतर दुसरे बोलला, की समोरचा वकील त्याच्या चिंध्या करतो. म्हणून मी अक्काला म्हणालो, कोणी फोन करून विचारले तर कागदावर आहे तेच सांगायचे. तिने विचारले, कागदावर काय आहे? मी पुस्तकी मराठीत सांगितले. तिने ते एकदा माझ्यामागून म्हणून बघितले. मग म्हणाली, "असा सांगूचा काय? बरा." तिला वाटले, कायद्याचे काम आहे, असेच बोलत असतील. शिवणाच्या मापांसारखे तिने ते पाठ केले. दर रविवारी म्हणून दाखवायची. मी शाबासकी द्यायचो.

लक्झेंबर्गला सुनावणी लागली तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "आपली केससुद्धा नाही ती, काका. कशाला जाता?" तरी मी गेलो. बायकोची भाची दोन दिवस घरी राहिली. मी कधी कुठल्या कोर्टात बाहेरचा माणूस म्हणून बसलो नव्हतो.

ते कोर्ट कोर्टासारखे वाटतच नाही. सोनेरी उंच इमारती, आत विमानतळासारखी तपासणी. मोठ्या दालनात गडद लाल झगे घातलेले न्यायाधीश, वेगवेगळ्या देशांचे. भिंतींलगत काचेच्या खोल्या आणि त्यांत दुभाषे. कानाला यंत्र लावले की समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, आपल्याला आपल्या भाषेत ऐकू येते. मी खटका फिरवून बघितला. एकाच वाक्याचे निरनिराळे आवाज. मराठी अर्थातच नव्हती.

शेजारी एक बेल्जियन म्हातारा बसला होता. निवृत्त शिक्षक. तिथे येत असतो म्हणाला, कारण आत ऊब असते आणि कॅन्टीनचे सूप चांगले असते. सरकारांचे वकील एकेक करून बोलत होते. कोणी म्हणाला, शब्द घट्ट धरा, नाहीतर अख्खे गाव येईल. कोणी म्हणाला, सैल धरा. एका न्यायाधीशांनी विचारले की फ्रेंचमध्ये हाच शब्द 'ज्याचा भार उचलला जातो' असा आहे, मग भार का उचलला जातो हे विचारायची गरज काय? मी जागच्या जागी ताठ झालो. वाटले, जिंकलो.

मधल्या सुटीत म्हाताऱ्याला मी आमची गोष्ट सांगितली. अर्धी. तो सूप पीत म्हणाला, "म्हणजे आज तुमच्या बहिणीला न्याय मिळेल असं तुम्हाला वाटतं?"

"म्हणून तर आलो."

"नाही हो. हे इथे माणसाचा खटला चालवत नाहीत. शब्दाचा चालवतात. तुमची बहीण काय खाते, कोण घालतं, ते यांना माहीत नाही आणि ते विचारणारही नाहीत. ते तुमच्याकडच्या न्यायाधीशाचं काम. तुमचे कागद बरोबर आहेत ना?"

मी म्हणालो, आहेत.

"मग झालं तर," तो म्हणाला आणि पाव मोडून माझ्यापुढे केला.

दुपारी परत दालनात गेलो, पण कान लागेना. मला सगळी वर्षे वाटत आले होते की वरचे कोर्ट खालचे बिघडलेले दुरुस्त करते. हे कोर्ट त्या जातीचे नव्हते. त्याने कितीही चांगला अर्थ लावला तरी तो अर्थ येऊन शेवटी माझ्याच वाक्यावर टेकणार होता.

आधी तिथल्या एका कायदेतज्ज्ञाचे मत आले, मग काही महिन्यांनी उत्तर. न्यायाधीश आत बसून फ्रेंचमध्ये चर्चा करतात, तिथे दुभाषाही नसतो, आणि कोणाचे पटले कोणाचे नाही हे बाहेर कळत नाही. सगळ्यांचे मिळून एकच उत्तर. ते आमच्या बाजूचे होते. माणूस अवलंबून का झाला ते विचारू नका, फक्त तो खरोखर अवलंबून आहे का ते बघा. पण ते अवलंबित्व त्याच्या स्वतःच्या देशात, अर्ज केला त्या वेळी असले पाहिजे. आणि वस्तुस्थिती काय, हे इथल्या न्यायाधीशाने ठरवावे.

वकीलबाई खुशीत होत्या. "काका, दार उघडलं! आता फक्त बाहेरचा दुभाषा आणि नवीन निवेदन. या वेळी तुम्ही खोलीत बसा हवं तर, पण तोंड उघडायचं नाही."

त्या रात्री बायको म्हणाली, "अक्कांना फोन करा आणि ते पाठांतर विसरायला सांगा."

मी केला. अक्काने हॅलो म्हणायच्या आधीच विचारले, "परीक्षा आसा मां? माका सगळा पाठ आसा." आवाजात उत्साह होता. बऱ्याच दिवसांत तिच्याकडून कोणी काही मागितले नव्हते. पाठांतर विसर म्हणायचे तर ते का करून घेतले, तेही सांगावे लागले असते. मी तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. बायकोला म्हणालो, दुभाषा खोदून विचारेल, खरे आपोआप बाहेर येईल.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. इथल्या न्यायाधीशांनी लक्झेंबर्गचे उत्तर अक्षरशः पाळले. त्यांनी अवलंबित्वाचे कारण विचारले नाही. अवलंबित्व आहे का, एवढेच पाहिले. अर्जदाराची दोन निवेदने, वेगवेगळ्या दुभाष्यांकडून घेतलेली, शब्दाला शब्द जुळत होती. अपील फेटाळले. तोवर देश युरोपातून बाहेर पडला होता आणि नव्याने अर्ज करायची मुदतही सरली होती. कायदा चुकला नाही, कोर्ट चुकले नाही, वकीलबाई चुकल्या नाहीत. अक्का त्याच घरात राहिली. एका सकाळी जेवण करणाऱ्या बाईला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सापडली. बायकोच्या डायलिसिसचा दिवस होता. मी जाऊ शकलो नाही.

पण ते नवीन निवेदन घेतले तो दिवस सांगायचा राहिला.

दुभाषीण नागपूरची होती, बर्मिंगहॅमहून आलेली, मृदू आवाजाची. फोन स्पीकरवर होता. बायको माझ्या बाजूला. तिने माझ्या कोटाची बाही धरली होती.

"नमस्कार मावशी, मी मराठी बोलणारी आहे. तुमची काळजी कोण घेतं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

अक्काने घसा खाकरला. आणि ती मालवणीत बोललीच नाही. शाळेत कविता म्हणतात तशी एका दमात म्हणाली, "मी माझ्या घरात मानाने राहते. माझा भाऊ मला प्रेमाने मदत करतो. परंतु मी कोणावर अवलंबून नाही."

दुभाषिणीने तेच इंग्रजीत सांगितले. काही गाळले नाही, काही मऊ केले नाही.

वकीलबाई पुढे झुकल्या. "जेवण कोण करतं, विचारा."

"बाई येते."

"तिला कोणी ठेवलं?"

"गावातलीच आहे हो ती."

"आणि उद्या भावाने मदत बंद केली तर? तर तुम्ही काय कराल?"

अक्का हसली. "माझा भाऊ तसा नाही."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. वकीलबाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, बसा म्हणून. बायकोची बोटे माझ्या बाहीत रुतली. ती थांबवत होती की ढकलत होती, ते मी अजून तिला विचारलेले नाही. मी बसलो.

आणखी थोडे प्रश्न झाले. प्रत्येकाला अक्काकडे त्या तीन वाक्यांतले एक तयार होते. वकीलबाईंनी शेवटी पेन खाली ठेवले. "काका, मला माहीत नाही असं काही आहे का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून अक्काचा आवाज आला. या वेळी तिच्या नेहमीच्या बोलीत, घाईत, आनंदाने.

"रे बाबू, आसस मां थंय? तू सांगलंस तसाच सांगलंय मां?"

दुभाषीण गोंधळली. "सॉरी, हे मला नीट लागलं नाही. कोकणी बोलल्या का?"

"काय म्हणाल्या?" वकीलबाईंनी मला विचारले.

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोने बाही सोडली.

"जेवलास का, विचारते," मी म्हणालो. आणि फोनकडे वाकून मोठ्याने सांगितले, "होय अक्का. बरोबर सांगितलंस."